दुसऱ्या ड्रायव्हरची झोप

"जावईबापू, तितंच थांबा. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई."

बाळंतिणीच्या खोलीच्या दारात मामी उभ्या होत्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, हिराबाई. आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात. माझ्या एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात झबली-टोपडी भरलेली पिशवी, आणि तोंडावर, खोटं कशाला सांगू, बाप झाल्याचा माज. रात्रभर गाडी चालवून, अंघोळसुद्धा न करता मी तडक फलटणच्या पलीकडचं ते गाव गाठलं होतं. आणि पोरीचं तोंड बघायला निघालेल्या मला या बाईनं दारात अडवलं होतं.

"मामी, पोरगी माझीच आहे ना?"

"तुमचीच हाय. पर धा दिस सोयर हाय. बापई माणूस आत येत न्हाई."

"सोयर माझ्या घराण्याला, पोरगी माझ्या घराण्याची, आणि बाहेर मीच?"

मागे चुलीपाशी बसलेल्या शेवंताकाकू फिसकन हसल्या. या शेजारच्या. बाळाला न्हाऊ घालायला रोज सकाळी यायच्या आणि पाणी तापेपर्यंत सगळ्या गावाची खबर सांगायच्या. मामी मात्र हसल्या नाहीत. आतून बाळ घेऊन आल्या, दुपट्याचं टोक बाजूला करून माझ्यापुढं धरलं. तांबडंलाल तोंड, चढवलेल्या भुवया. बिनतिकिटाच्या प्रवाशाकडं कंडक्टर बघतो तशी पोरगी माझ्याकडं बघत होती. मला ती त्याच क्षणी आवडली.

"बगितलं? आता हातपाय धुवा. शिरा केलाय."

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जावयानं एकदा यायचं, तोंड बघायचं, गोड खायचं आणि निघायचं. मग थेट बारशाला. मीही तसंच ठरवून आलो होतो. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात मायलेकी दोघीच, तिथं मी मुक्काम करून काय करणार? पण मामी बाळ घेऊन वळल्या तेव्हा मला आतली वैजू दिसली.

खोलीत अंधार होता. शेगडीवर ओव्याची धुरी चालली होती. वैजू भिंतीला टेकून बसली होती. माझी बायको म्हणजे फोन ठेवायच्या आधी "आणखी एक सांगायचं राहिलं" म्हणून अर्धा तास बोलणारी बाई. दवाखान्यातून सकाळीच घरी आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि काहीच म्हणाली नाही. तिचे डोळे उघडे होते, पण त्यात ती नव्हती.

"मी उद्या जातो," मी मामींना म्हणालो. त्यांना ते पसंत पडलं नाही, पण जावयाला जा कसं म्हणणार? त्यांनी बाहेरच्या सोप्यात माझं अंथरूण टाकलं.

आता इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी तेव्हा पुणे–हैदराबाद ट्रॅव्हल्सची गाडी चालवायचो. रात्र हा माझा धंदा होता. जग झोपायला लागलं की मी चहा पिऊन स्टेअरिंगवर बसायचो, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा रात्री मला लवकर झोप यायची नाही. त्यामुळं त्या रात्री सोप्यात पडल्या पडल्या मला आतलं सगळं ऐकू येत होतं. बाळ रडलं, वैजूनं पाजलं, बाळ गप्प झालं. मग शांतता. आणि लगेच मामींचा आवाज.

"वैजे. डोळं उघड. लेकराकडं बग."

मला वाटलं, काहीतरी झालं असेल. थोड्या वेळानं परत तेच.

"वैजे. निजू नगं. बग लेकराकडं."

पहाटेपर्यंत हेच चाललं. जरा वैजूचा डोळा लागला असेल नसेल, की हाक. आमच्या धंद्यात रात्रभर जागलेल्या माणसाला दिवसा कुणी हात लावत नाही. इथं दिवस उजाडला तसं न्हाणं, शेक, डिंकाचे लाडू, बघायला येणाऱ्या बायका. एकजण गेली की दुसरी. मला राग यायला लागला होता. एवढं काय त्या जुन्या रीतीचं? बाळंतिणीनं रात्री झोपायचं नाही, असं कुठं असतं?

दुपारी मामी मागं धुणं वाळत घालायला गेल्या, तेव्हा मी सरळ उंबरा ओलांडून आत गेलो. वैजूच्या शेजारी बसलो. तिनं हात पुढं केला नाही.

"किती झोपलीस?"

"आठवत नाही. दवाखान्यात पण आई उठवायचीच."

"सांग की तिला."

"सांगितलं. ती म्हणते, बाळंतीण निजत नसती." ती बाळाकडं न बघताच बोलत होती. "अहो, हिला घेऊन जा कुठंतरी."

"कुठं?"

"कुठंही. मला हिची भीती वाटते. ही रडली की वाटतं, कान बंद करून पळून जावं. ही माझी आहे असं वाटतच नाही मला. मी वाईट आई आहे का?"

मी घाटात ब्रेक गरम झालेली गाडी उतरवली आहे. तेव्हा घाबरलो नव्हतो तेवढा त्या वाक्यानं घाबरलो. तिचा हात हातात घेतला, तो थंड होता. "तू वाईट नाहीस, तू दमलीस," एवढं मला सुचलं. त्यावर ती रडली नाही की काही नाही. रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी गावातल्या बूथवर जाऊन सिकंदरला फोन लावला. सिकंदर माझा जोडीदार. आमच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असायचे, एक मी आणि एक तो. म्हटलं, दुसरा माणूस बघ, मी चार दिवस येत नाही. तो म्हणाला, "पोरगी एवढी चांगली आहे का?" मी म्हणालो, "पोरगी चांगलीच आहे. तिच्या आईला झोप पाहिजे."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी मामींना स्पष्टच सांगितलं. "बाळ माझ्याकडं द्या. सोप्यात घेऊन बसतो. वैजूला झोपू द्या."

"तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. शिकतो."

 मामींना काय वाटलं कोण जाणे, बाळ आणून माझ्या हातात दिलं. डोकं कसं धरायचं ते दाखवलं. आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

पोरगी जागी होती. जरा वेळ तिनं मला जोखलं आणि मग असा सूर लावला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मी हलवलं, थोपटलं. काही उपयोग नाही. मला एकही अंगाई येत नव्हती. मग मला जे पाठ होतं ते मी म्हणायला लागलो. घशातून गाडीचा आवाज काढायचा, सोप्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, आणि हळू आवाजात एकेक थांबा सांगायचा. "हडपसर... यवत... पाटस... चला, भिगवण, चहाला दहा मिनिटं..." भिगवणला ती गप्प झाली. इंदापूरला डोळे मिटले. टेंभुर्णीला गाढ झोपली. मला इतका आनंद झाला की उगाच आणखी थोडं पुढं, पार मोहोळपर्यंत नेली.

"बघा मामी," मी कुजबुजलो. "झोपली."

मामी जाग्यावरून हलल्या नव्हत्या. पुढं आल्या, वाकल्या, बाळाच्या नाकापाशी बोट धरलं. मग बाळ माझ्या हातातून काढून घेतलं.

"पुरं झालं. आता आईपाशी."

"अहो, वैजूचा आत्ता कुठं डोळा लागलाय."

पण त्या आत गेल्या होत्या. आणि मी पाठ टेकतो न टेकतो तोच आवाज आला. "वैजे. डोळं उघड."

माझं टाळकं फिरलं. वाटलं, ही बाई माझ्या बायकोला वेडी करणार आहे. उद्या सकाळी जीप करायची, दोघींना घालायचं आणि आपल्या घरी न्यायचं. सोयर गेलं खड्ड्यात.

सकाळी तसं बोललो असतो, पण त्या दिवशी पाचवी होती. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं मानतात. घर सारवलं. पाट्यावर सटवाई मांडली, हळदकुंकू वाहिलं, कणकेचे दिवे लावले, कोरा कागद आणि पेन ठेवलं. पेन माझंच होतं. "सटवाईला म्हणावं, जपून वापर, गळतंय," मी म्हणालो. शेवंताकाकू हसल्या. मामींनी माझ्याकडं असं बघितलं की मी गुमान बाजूला झालो.

पूजा झाली, काकू घरी गेल्या, आणि मामींनी वैजूला भिंतीशी नीट बसवलं, पाठीला उशी दिली.

"आज लेकरू भुईला ठेवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "रातभर मांडीवर. आईनं जागायचं, दिस उगवंपत्तुर."

त्यांनी बाळ पुढं केलं. वैजूनं हात मागं घेतले.

"मला देऊ नको आई."

"आसं म्हनू न्हाई."

"माझ्या हातातून पडेल ती. मला दिसतंय, पडेल. आई, पाया पडते तुझ्या, नको देऊ माझ्याकडं."

ती ओरडली नाही. अगदी हळू बोलली. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आत गेलो, मामींच्या हातातून बाळ घेतलं आणि तिथंच खोलीच्या मध्ये मांडी घालून बसलो.

"मांडीच पाहिजे ना? ही घ्या मांडी. वैजू, तू आडवी हो."

"आवो, बापई माणसाच्या मांडीवर कुटं—"

"मामी, वैजूला आज झोप मिळाली नाही तर उद्या काय होईल मला सांगता येत नाही. सटवाईला जे लिहायचं ते ती माझ्या मांडीवर लिहील. मी हलत नाही."

वैजू आडवी झाली. तिनं माझ्याकडं पाठ केली, गुडघे पोटाशी घेतले आणि पांघरूण डोक्यावरून ओढलं. काही वेळानं पांघरूण संथ खाली-वर व्हायला लागलं. मामी आता हाक मारणार म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलंही होतं.

"मामी," मी म्हणालो, "तिला उठवलंत तर मी दोघींना घेऊन आत्ता जाईन. खरंच जाईन."

त्या माझ्यासमोर खाली बसल्या. कणकेच्या दिव्याच्या उजेडात त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच जवळून बघत होतो. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ओठ सुकले होते.  आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वैजूला दर थोड्या वेळानं हाक मारणारी बाई स्वतः कधी झोपत होती?

"मामी, तुम्ही किती रात्री जाग्या आहात?"

  त्यांनी आधी वाकून वैजू ऐकत नाही ना याची खात्री केली.

"वैजीच्या आदी मला ल्योक झाला व्हता."

मला हे माहीत नव्हतं. वैजूनंही कधी सांगितलं नव्हतं.

"तिला ठावं न्हाई. शेवंतासकट समद्यांना शपत घातलीया," मामी म्हणाल्या. "पाचवीच व्हती. आशीच मांडीवर घिऊन बसले व्हते. पाजता पाजता डोळा लागला. कोंबडा आरवला तवा जाग आली. लेकरू गार पडलं व्हतं."

मी नकळत मांडीवरच्या पोरीच्या नाकापाशी बोट धरलं.

"सासूनं साऱ्या गावाला सांगितलं, आय निजली म्हून सटवीनं नेलं. मला कुनी मारलं न्हाई, शिव्या दिल्या न्हाईत. येवढंच म्हनायचे, आय निजली." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "वैजीच्या येळेला म्या बारशापत्तुर पाट टेकली न्हाई. आता वय झालं. माज्या एकटीच्यानं जागवंना. म्हून तिला उटवत व्हते. माजा डोळा लागला तर निदान ती तरी जागी आसंल."

दोन रात्री मी ज्या आवाजावर दात खात होतो, तो आवाज वैजूला नाही, स्वतःला जागं ठेवत होता. मला गलबलून आलं. ते मी लपवलंही नाही. मांडीवर बाळ होतं म्हणून, नाहीतर मी त्या बाईच्या पाया पडलो असतो.

"मामी," मी म्हणालो, "लांबच्या गाडीला दोन ड्रायव्हर का असतात, माहीत आहे?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"एकानं चालवायचं असतं आणि दुसऱ्यानं झोपायचं असतं. झोपणं ही त्याची ड्यूटी असते. सिकंदर माझ्यामागं झोपला नाही, तर सोलापूरनंतर मी गाडी कुणाच्या हातात देऊ? दोघंही जागत बसले की दोघंही एकदमच पेंगतात, आणि मग गाडी जाते खड्ड्यात."

"आन तुमचा डोळा लागला तर?"

"लागतोय असं वाटलं तर तुम्हाला उठवीन. पण उठवायला तुम्ही आधी झोपलेल्या पाहिजेत."

त्यांनी वैजूच्या पायांवरचं पांघरूण नीट ओढलं.

"मामी, रोज रात्री चाळीस माणसं माझ्यामागं घोरत असतात. त्यांना माझं नावसुद्धा माहीत नसतं. तुम्हाला तर माझं नाव, गाव, कूळ सगळं माहीत आहे. लेक दिलीत मला. एक रात्र द्या."

पुढं जे झालं ते मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. मामींनी पदर सारखा केला. माझ्या मांडीला लागून, नुसत्या सारवलेल्या भुईवर त्या कुशीवर झाल्या आणि हात वर करून दुपट्यातून बाहेर आलेलं बाळाचं पाऊल मुठीत धरलं. डोळे उघडेच.

बाळ चुळबुळलं. मी घशातून गाडी सुरू केली.

"हडपसर... यवत... पाटस..."

"ह्ये काय म्हनताय?" मामींनी विचारलं.

"आमचा रस्ता. ऐका."

भिगवण गेलं, इंदापूर गेलं. टेंभुर्णीला पोरगी झोपली, पण मी थांबलो नाही. मोहोळला मामींच्या पापण्या जड झाल्या आणि त्यांनी दचकून परत उघडल्या. "मी आहे," मी म्हणालो. सोलापूर. नळदुर्ग. नळदुर्गला त्यांची मूठ सैल झाली आणि हात माझ्या मांडीवरून घरंगळून खाली आला. मी उमरगा, हुमनाबाद करत पार हैदराबादला गेलो. कुणी उतरलं नाही, म्हणून गाडी वळवून परत निघालो.

मध्ये दोनदा बाळ भुकेनं कुरकुरलं. दोन्ही वेळा मी गुडघ्यांवर सरकत वैजूपाशी गेलो, तिला कुशीवर वळवलं, बाळ तिच्याशी धरलं. ती झोपेतच पाजत होती. मी तेवढा वेळ बाळाच्या तोंडावरची नजर काढली नाही. पोट भरलं की परत मांडीवर. पाय मेले होते, कंबर धरली होती, आणि मी आयुष्यात एवढा खूश कधी नव्हतो. एवढी मोलाची सवारी माझ्या गाडीत कधी बसली नव्हती.

उजाडलं. दिवे विझून गेले होते. पोरीनं आळोखेपिळोखे दिले आणि पूर्ण ताकदीनं रडायला लागली. वैजूनं पांघरूण बाजूला केलं. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या वळ्या. आधी ती नुसतीच ऐकत राहिली. मी गाडीचा आवाज काढायला लागलो, तशी म्हणाली,

"अहो, ते काय घरघर लावलंय? भूक लागलीय तिला."

"देऊ?"

"मग? तुम्ही पाजणार आहात?"

तिनं दोन्ही हात पुढं केले. मी बाळ दिलं. तिनं ते छातीशी धरलं, टाळूवर नाक टेकवलं आणि मग ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. मी अडवलं नाही.

"चेपटं नाक तुमचंच आलंय," ती डोळे पुसत म्हणाली. "बाकी सगळं माझ्यावर आहे." मग तिचं लक्ष भुईवर गेलं. मामी तोंड किंचित उघडं टाकून पडल्या होत्या आणि बारीक घोरत होत्या. "आई झोपलीय?"

"झोपल्यात."

"उजाडल्यावर? आई?"

मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. ते मामींनी सांगायचं होतं, आणि बारशाच्या आदल्या दिवशी त्यांनी ते सांगितलंही. मी नुसतंच पांघरूण उचललं आणि मामींच्या अंगावर टाकलं.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. शेवंताकाकू तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या.

"हिरे, ए हिरे, पानी ठिवलंस का?"

मी लंगडत बाहेर गेलो. "काकू, हळू बोला."

"का वं? लेकरू निजलंय व्हय?"

"लेकरू कधीच उठलंय," मी म्हणालो. "मामी झोपल्यात."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग मला ओलांडून त्यांनी दारातून आत वाकून बघितलं. परत आल्या, तेलाची वाटी आवाज न करता खाली ठेवली आणि पायरीवर बसल्या. तोंडाला पदर लावून बराच वेळ बसून होत्या. सगळ्या गावाची खबर सांगणारी ती बाई त्या सकाळी एक शब्द बोलली नाही. मग उठली, पदर खोचला आणि चूल पेटवायला गेली.